फिरत्या पंखांचा होला

पहिला होला आला तेव्हा आम्ही दोघी बांधाच्या आड पालथ्या पडलो होतो आणि माझ्या तोंडात माती गेली होती.

"आला," नाझनीन कुजबुजली.

"आता जाईल," मी म्हणाले. "बघच तू."

मी रिमोटचं बटण दाबून धरलं. ज्वारीच्या कडेला काठीवर बसवलेल्या आमच्या खोट्या पक्ष्याचे पंख गरागरा फिरू लागले. पंखांची एक बाजू राखाडी, दुसरी पांढरी. दुपारच्या उन्हात ती पांढरी बाजू अशी लखलखायची की आमचेच डोळे दिपत होते. एवढं लखलखणारं काही समोर दिसल्यावर कुठलाही शहाणा पक्षी धूम ठोकणार, असा माझा सिद्धांत होता. सातवीतल्या मुलीला सिद्धांत असू नये असं कुठं लिहिलंय?

होला गेला नाही. तारेवरून उठला, एक गिरकी घेतली, सरळ खाली आला आणि आमच्या यंत्रापासून हातभर अंतरावर उतरून दाणे टिपायला लागला. त्याच्यामागून दुसरा आला. मग तिघं एकदम. मी बटण सोडलं की पंख थांबत आणि तारेवरचे होले तारेवरच राहत. दाबलं की उतरत. पाच मिनिटांत सात होले आमच्या बुजगावण्याभोवती पंगतीला बसल्यासारखे बसले.

नाझनीन तोंडात ओढणी कोंबून हसत होती. "कन्ये, तू बुजगावणं नाही केलंस. तू आवतण केलंस."

मी शिवकन्या. घरात आणि शाळेत सगळे कन्या म्हणतात. वर्गात माझं आणखी एक नाव होतं, भोंगा. मी बोलायला लागले की शेजारच्या वर्गातले सर दार लावून घेत. नाझनीन मणेर माझ्या उलट. ती बोलायची थोडं, पण हात सोन्याचे. तिचे अब्बा दुकानांच्या पाट्या रंगवायचे आणि ती चौथीपासून त्यांच्या हाताखाली अक्षरं भरायची. यंत्राची कल्पना माझी. मोटर माझ्या पप्पांच्या रिवाइंडिंगच्या दुकानातली, जुन्या चार्जिंगच्या पंख्याची. बॅटरी फवारणीच्या पंपाची, रिमोट खेळण्यातल्या गाडीचा. पण पक्षी होता तो नाझनीनचा. वाळक्या दुध्या भोपळ्याचं अंग, तेलाच्या डब्याच्या पत्र्याचे पंख, आणि रंग असा की मानेवरचा तो बारीक काळा काठसुद्धा तिनं सोडला नव्हता. आमच्या मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानात ज्वारी दाण्यावर आली की होल्यांचे थवे उतरतात. सगळ्या गावानं तो पक्षी जन्मभर पाहिलाय. तरी नाझनीननं तो दुध्यावर काढला तेव्हा मला वाटलं, मी पहिल्यांदा बघतेय.

"चार दिवसांवर प्रदर्शन आलंय," मी तोंडातली माती थुंकत म्हणाले. "आणि हे फसलं."

"फसलं कुठं?"

हे नाझनीन बोलली नव्हती. आमच्या मागं बांधावर गुरुलिंग तात्या उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. तात्यांचा मळा आमच्या रानाला लागूनच. हुरड्याच्या दिवसांत पुण्या-सोलापूरची माणसं गाड्या भरून तिथं यायची. आमच्या शाळेच्या समितीवर तात्याच होते आणि त्यांच्याकडं दुनळी बंदूक होती. पिकाच्या राखणीचा परवाना होता त्यांचा, डुकरांसाठी.

तात्या खाली बसले. यंत्राकडं बघत राहिले. मला म्हणाले, "दाब बघू."

मी दाबलं. तारेवरून दोन होले सुटले.

"यंत्र फसलं नाही, पोरी. तू त्याचं काम चुकीचं सांगतेयस." ते अगदी हळू बोलत होते, पक्षी उडू नयेत म्हणून. "होला उतरताना पंखाची खालची बाजू दिसते. लांबनं एवढंच दिसतं, पांढरं, काळं, पांढरं. वरच्याला वाटतं आपल्यातलं कुणीतरी खाली उतरतंय, म्हणजे खाली भ्यायचं कारण नाही."

ते हसले. मलाही हसू आलं, कारण तात्या माझ्याशी मोठ्या माणसाशी बोलावं तसं बोलत होते. नाझनीन हसली नाही. ती त्या सात होल्यांकडं बघत होती.

प्रदर्शनात आम्ही ते यंत्र बुजगावणं म्हणूनच मांडलं. चार दिवसांत दुसरं काय करणार होतो? परीक्षक बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, पक्षी खरंच घाबरतात का. मी छाती पुढं काढून सांगितलं की आमच्या रानात आता एक पाखरू फिरकत नाही. पुढं मी गोफण, माळा, राखणदाराचे श्रम, सगळं ऐकवलं. शेवटच्या रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. नाझनीन माझ्या शेजारी उभी राहून स्वतःच्या चपलांकडं बघत होती.

तालुक्यात आमचा पहिला नंबर आला.

परतताना एसटीत तिनं विचारलं, खोटं कशाला बोललीस. मी म्हणाले खोटं कुठं, थोडं पुढचं सांगितलं, अजून दोन सुधारणा केल्या की पक्षी घाबरतीलच. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "त्या सातांना सांग." मला राग आला, पण ट्रॉफी माझ्या मांडीवर होती आणि मांडीवर ट्रॉफी असली की राग फार टिकत नाही.

सोमवारी शाळेत आमचा सत्कार झाला. तात्यांनी नारळ दिला आणि माइकवर मला शास्त्रज्ञबाई म्हणाले. सगळी शाळा हसली, पण चांगलं हसली. जिल्ह्याच्या प्रदर्शनाला आम्हाला ते स्वतःच्या गाडीतून नेणार होते. मग खाली उतरल्यावर, मला एकटीला बाजूला घेऊन, त्यांनी सांगितलं की रविवारी पुण्याचे मोठे पाहुणे हुरड्याला येतायत, त्यांना हे यंत्र बघायचंय. जमलं तर आणखी एक कर.

"पाहुणे बघतील म्हणजे काय करतील?" रात्री जेवताना पप्पांनी विचारलं.

मी म्हणाले बघतील. मला माहीत होतं काय करतील. पप्पांनाही माहीत होतं. त्यांनी भाकरी मोडता मोडता सांगितलं की तात्या माणूस चांगला आहे. मग थोड्या वेळानं म्हणाले, "पण बंदूक हातात असली की चांगला माणूसही आधी बंदूकवाला असतो. तू लांब बस."

दुसरी मोटर मात्र त्यांनी दिली. त्यांनाही ट्रॉफी दुकानात ठेवायला आवडली होती.

दुसरा पक्षी नाझनीननंच रंगवला, कारण मी तिला सांगितलं की तो जिल्ह्यासाठी आहे. हे दुसरं खोटं. शनिवारी दुपारी तिच्या अम्मीनं घरी सांगितलं की तात्यांच्या मळ्यावर पाहुण्यांसाठी भाकऱ्या करायला बोलावलंय आणि होल्यांचा बेत आहे. नाझनीन तशीच, रंगाचे हात घेऊन, आमच्या दुकानात आली.

इतकं सलग बोलताना मी तिला आधी कधी ऐकलं नव्हतं. होला मारायला परवानगी नसते, परवाना डुकराचा आहे, हे तिला अब्बांनी सांगितलं होतं. पण तिचं म्हणणं तेवढंच नव्हतं. ती म्हणाली, "एरवी होले वरनं जातात. बंदूक आभाळाकडं असते. तुझ्या यंत्रानं ते खाली येणार. म्हणजे बंदूकपण खाली येणार. ज्वारीत माणसं असतात, कन्ये."

"तात्या काय लहान आहेत का? त्यांना कळत नाही?"

"मला माझे पंख परत दे."

"पंख पत्र्याचे आहेत. पत्रा आमचा."

"रंग माझा आहे."

"मग खरवडून ने," मी म्हणाले. दुकानात तेव्हा दोन गिऱ्हाईकं होती आणि माझा आवाज, सांगितलंच, मोठा होता. दोघंही हसले.

नाझनीन गेली. जाताना तिनं उंबऱ्याजवळ हात पुसले. तो राखाडी पट्टा अजून आमच्या दुकानाच्या चौकटीवर आहे.

रविवारी तीनच्या सुमाराला मी मळ्यावर गेले. आदल्या रात्रीपासून वारा पडला होता. ज्वारी एवढी उंच वाढलेली की आत माणूस शिरला तर वर त्याचा केससुद्धा दिसू नये, आणि एकही कणीस हलत नव्हतं. मळ्याच्या दुसऱ्या टोकाला, ज्वारीच्या पलीकडं, हुरड्याची आगटी पेटली होती. तिथं नाझनीनची अम्मी भाकऱ्या थापत होती आणि मोठ्या स्पीकरवर गाणी चालू होती. अलीकडं हुरड्यासाठी कापून मोकळा केलेला तुकडा. तुकड्याच्या डाव्या अंगाला उभी ज्वारी, उजव्या अंगाला काढून नेलेल्या हरभऱ्याचं उघडं रान, त्याच्यापुढं नुसता माळ.

तात्यांनी एक यंत्र डाव्या हाताला ज्वारीच्या तोंडाशी रोवलं, दुसरं उजवीकडं हरभऱ्याच्या रानात. मला तुकड्याच्या मागं, मधोमध, कडब्याच्या चार पेंढ्यांचा आडोसा करून दिला. माझ्या हातात दोन रिमोट. डाव्याच्या बटणावर मी ताईचं लाल नेलपॉलिश लावलं होतं, चुकू नये म्हणून. माझ्यापासून तीसेक पावलांवर दुसरा आडोसा होता. तिथं तात्या आणि पाहुण्यांपैकी एकटे शिरोळेसाहेब बसले. बाकीच्या पाहुण्यांना बंदुकीपेक्षा हुरडा आवडत होता.

शिरोळेसाहेब पांढऱ्या बुटांत आले होते. बंदूक त्यांनी तात्यांकडून घेतली तेव्हा हातात कुणाचं तरी बाळ दिल्यासारखी धरली. तात्यांनी खिशातून कापूस काढला, बोळे केले, आधी साहेबांच्या कानात घातले, मग स्वतःच्या.

"होला आभाळात मारायचा," तात्या त्यांना मोठ्यानं सांगत होते. "जमिनीवर बसलेला मारण्यात काय मजा नाही. उतरायला लागला, पंख आखडले, की तेव्हा."

मला ते शब्द ऐकू आले आणि नाझनीनचं आठवलं. उतरताना म्हणजे खालीच की. पण तोवर तात्यांनी माझ्याकडं बघून हात वर केला होता. मी लाल बटण दाबलं.

पुढचा अर्धा तास मी लपवून ठेवणार नाही. मला मजा आली. मी डावं दाबायचे, होले माळावरच्या बाभळीतून उठायचे, लांबून वळायचे, आणि अगदी माझ्या अंगठ्याखाली असल्यासारखे खाली यायचे. अंगठा उचलला की अर्ध्यातून परतायचे. आभाळाला दोरी बांधून कुणीतरी ती माझ्या हातात दिली होती. शिरोळेसाहेबांचे पहिले तीन बार हवेत गेले. चौथ्याला एक होला पडला. पिसं खाली यायला फार वेळ लागला, कारण वारा नव्हता. साहेब मुलासारखे उड्या मारायला लागले. तात्यांनी माझ्याकडं बघून अंगठा दाखवला.

प्रत्येक बारानंतर स्पीकरवरचं गाणं क्षणभर ऐकू यायचं नाही. मग पुन्हा ऐकू यायचं.

सहा होले पडल्यावर मी बटण सोडून रिमोट मांडीवर ठेवले. बोट दुखत होतं. आणि तेव्हा मला ज्वारी हलताना दिसली.

सगळी नाही. एक रेघ. पलीकडच्या बाजूनं, आगटीच्या अंगानं, चार-दोन कणसं हलायची, थांबायची, मग त्यांच्या पुढची चार-दोन हलायची. बाकी रान चित्रासारखं स्तब्ध. रेघ आमच्या दिशेनं येत होती.

तात्यांनाही दिसली. ते गुडघ्यावर उठले, साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि बोटानं दाखवलं. कानात बोळे असल्यामुळं ते ओरडूनच बोलत होते. "डुक्कर आहे, साहेब. घाई नको. येऊ द्या कडेला. कणसं हलतात त्याच्या हातभर खाली धरा."

साहेबांनी बंदूक खाली घेतली. पहिल्यांदाच ती आडवी झालेली मी पाहिली.

मला आनंदच झाला, खरं सांगते. डुक्कर मारलं तर सगळ्या गावाचं काम होतं, परवानाही त्याचाच होता. मी बघत राहिले. तेवढ्यात बाभळीवरून सहज एक होला आला, साहेबांना राहवलं नाही, त्यांनी नळी वर करून बार काढला. चुकला.

आणि ज्वारीतली रेघ थांबली.

डुक्कर बार ऐकून थांबत नाही. पळतं. हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. ती रेघ थांबली, दहा-बारा श्वास थांबून राहिली, आणि मग अगदी हळू, कुणीतरी पानं हातानं बाजूला करत चालावं तशी, पुन्हा पुढं आली. सरळ. डाव्या यंत्राच्या रोखानं.

मला माझे पंख परत दे.

मी ओरडले. ओरडले असं मला वाटलं. शाळेतला सगळ्यात मोठा आवाज माझा, आणि त्या वेळी घशातून जे आलं ते दार करकरल्यासारखं होतं. मी पुन्हा ओरडले, या वेळी आवाज आला, "तात्या, माणूस आहे," पण स्पीकर चालू होता आणि दोघांच्या कानात कापूस होता आणि दोघांची पाठ माझ्याकडं होती. साहेब नवीन काडतूस भरत होते. तात्यांनी नळीला खालून हात लावून ती जागेवर आणून दिली, लहान मुलाच्या हातात पेन्सिल धरवावी तशी.

पळत जाऊन गाठणं तीस पावलांचं काम होतं. मी उठले, पेंढीत पाय अडकून पडले. समोर पाहिलं तर रेघ यंत्रापासून चार हातांवर आली होती, बंदूक तिच्यावर स्थिर होती, आणि तात्या बोटं उघडून मोजत होते. एक.

माझ्या हाताखाली रिमोट होता. नेलपॉलिश नसलेला.

मी उजवं बटण दाबलं.

हरभऱ्याच्या रानात पंख फिरायला लागले. एक क्षण काहीच झालं नाही. मग बाभळीवरून सगळा थवा उठला. बार ऐकून ऐकून तिकडं जमलेला, चाळीस-पन्नासांचा असेल. तो ज्वारीवर येऊन आभाळात एकदम वळला आणि साहेबांच्या डोळ्यांसमोरून, इतका खालून की पंखांचा आवाज मला आला, उजवीकडं उतरायला लागला.

साहेबांनी आयुष्यात एवढं कधी पाहिलं नसेल. मी त्यांचं डोकं वळताना पाहिलं. मग खांदा वळला. मग नळी वळली. ज्वारीवरून, मोकळ्या तुकड्यावरून, हरभऱ्याच्या रानापर्यंत ती थव्यामागं अशी फिरली की जणू तिलाही कुणी दोरी बांधली होती. मी अंगठा गच्च दाबून धरला होता. नख पांढरं पडलं होतं.

दोन्ही बार एकापाठोपाठ गेले. थवा एवढा दाट होता की न बघता मारलं तरी चाललं असतं. पाच पडले. दोन जमिनीवर गोल गोल फिरत राहिले.

त्याच वेळी डाव्या बाजूनं ज्वारी बाजूला झाली आणि नाझनीन बाहेर आली. हातांवर पानांचे ओरखडे. ओढणी कमरेला बांधलेली, केसांत ज्वारीचा भुसा. तिनं यंत्र काठीसकट उपटलं आणि ते बगलेत धरून ती उभी राहिली.

तात्यांनी तिला पाहिलं. कानातले बोळे काढले. मग ते ज्वारीतल्या त्या जागेकडं बघत राहिले, जिथून ती आली होती. शिरोळेसाहेबांनी बंदूक जमिनीवर ठेवली आणि तिथंच बसले, पांढऱ्या बुटांसकट, ढेकळांत. तात्यांचा चेहरा मी कधीच विसरणार नाही. पण तो क्षणभरच होता. पुढच्या क्षणी ते वळले, माझ्याकडं आले आणि सगळ्या रानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वा, शास्त्रज्ञबाई! अगदी वेळेवर दाबलंस. एका दमात पाच."

आणि वाकून, माझ्या आडोशातली पेंढी सरळ करत, हळू आवाजात म्हणाले, "हे आपल्या तिघांत राहू दे. पोरीला कशाला भेवडवायचं?"

मी मान हलवली. हलवली का, मला आजही नीट सांगता येणार नाही.

नाझनीन मोकळ्या तुकड्यातून चालत माझ्यासमोर आली. तिला ज्वारीतून काय दिसलं असेल? नळी तिला दिसलीच नव्हती. तिनं दोन बार ऐकले, बाहेर येऊन पाच पक्षी पडलेले पाहिले, आणि तात्यांनी मला दिलेली शाबासकी ऐकली. आता ती माझ्या हाताकडं बघत होती.

"नाझू," मी म्हणाले.

पुढं बोलायला माझ्याकडं सगळं होतं. मी तुला वाचवलं, एवढे तीन शब्द पुरे होते. पण त्या तीन शब्दांच्या मागं दुसरे उभे होते. यंत्र मी केलं, खोटं मी बोलले, तू सांगितलेलं मी ऐकलं नाही. एक बाहेर काढला असता तर सगळे आले असते.

ती हरभऱ्याच्या रानाकडं बघत म्हणाली, "अंगठा काढ."

मला कळलं नाही.

"अंगठा काढ त्याच्यावरनं, कन्ये. अजून येतायत."

मी वळून पाहिलं. माझा अंगठा बटणावरच होता. उजव्या यंत्राचे पंख फिरत होते, पांढरं, काळं, पांढरं. त्याच्याभोवती पाच होले पडले होते, त्यांतला एक अजून हलत होता, आणि थव्यातले उरलेले एकेक करून परत येऊन त्यांच्या मधोमध उतरत होते. उतरून दाणे टिपत होते.

जिल्ह्याच्या प्रदर्शनाला मी पप्पांबरोबर एसटीनं गेले. परीक्षकांना सांगितलं की हे यंत्र पक्ष्यांना घाबरवत नाही, बोलावतं. त्यांनी विचारलं, मग याचा उपयोग काय. मी म्हणाले, काही नाही. आमचा नंबर आला नाही. परत आल्यावर मोटर काढून पप्पांना दिली. डावं यंत्र नाझनीनकडंच राहिलं. त्याचं तिनं काय केलं, मी विचारलं नाही.

तात्यांनी त्या वर्षी बंदूक ठाण्यात जमा केली. गावात सांगितलं की डोळे अधू झालेत.

आता मी दहावीत आहे. वक्तृत्वात जिल्ह्यात दुसरी आले, तीही कुणाच्या गाडीत न बसता. भोंगा म्हणणारे आता मला भाषणं लिहून मागतात. पुढच्या शनिवारी निरोप समारंभ आहे आणि मुलींच्या वतीनं बोलायला सरांनी मला सांगितलंय. विषय माझ्यावर सोडलाय. नाझनीन माझ्याशी बोलते, म्हणजे पट्टी दे, सर आले का, एवढं. त्या रविवारचं आम्ही दोघींनी कधी काढलं नाही. मला वाटायचं, न सांगण्यात मोठेपणा आहे, वाचवल्याचा हिशेब मागू नये. गेल्या आठवड्यात भाषणाचा कागद घेऊन बसले तेव्हा कळलं की तसं काही नव्हतं. मी फक्त तात्यांना दिलेला शब्द पाळत होते.

कागदावर पहिली ओळ लिहून झालीय. पहिला होला आला तेव्हा आम्ही दोघी बांधाच्या आड पालथ्या पडलो होतो.

माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो. नाझनीन तिसऱ्या बाकावर बसते.